लोखंडी उत्प्रेरक २८० अंशांवर का टिकत नाही, आणि तो टिकवायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. फिशर-ट्रॉप्श संश्लेषणासाठी, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनपासून इंधन आणि मेण बनवण्यासाठी, प्रयोगशाळेत बनवलेला लोखंड-तांबं-पोटॅशियम-सिलिका उत्प्रेरक १० मिलिमीटरच्या नळीत, २० बार दाबाला चालवला जातोय. हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड दोनास एक प्रमाणात आहेत. २५० अंश सेल्सिअसला उत्प्रेरक व्यवस्थित वागतो, २८० ला नेला की दोन दिवसांत रूपांतरण ६० टक्क्यांवरून ३० वर येतं. सिलिका वाढवून पाहिली, तेव्हा घसरण थांबली, पण उत्प्रेरक पहिल्या तासापासूनच मंद होता. मग उष्णतेतली स्थिरता वाढवायला नेमकं काय बदलायचं?

या प्रश्नात उष्णतास्थिरता हा एकच गुणधर्म धरलेला आहे, आणि गाडं तिथेच अडलंय. तापमान वाढवल्यावर लोखंडी उत्प्रेरकात चार वेगवेगळ्या गोष्टी बिघडतात. कार्बाइडचे, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या लोखंड-कार्बन संयुगाचे, बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, म्हणजे सिंटरिंग. तयार होणाऱ्या पाण्यामुळे कार्बाइडचं पुन्हा मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, होतं. पृष्ठभागावर निष्क्रिय कार्बन साचतो. आणि या सगळ्यात दाणा फुटून भुकटी होते. चारही गोष्टींचं दिसणारं लक्षण एकच, रूपांतरण घसरणं. उपाय मात्र वेगळे आहेत, काही तर परस्परविरोधी. पोटॅशियम वाढवलं की कार्बाइड टिकायला मदत होते पण कार्बन जास्त साचतो. सिलिका वाढवली की कण वेगळे राहतात पण कार्बाइड बनणंच कठीण होतं. त्यामुळे कोणतं कारण आहे ते कळल्याशिवाय रेसिपी बदलत बसणं म्हणजे अंधारात चाचपडणं.

तुमच्या निरीक्षणातच एक फसवी जागा आहे, ती आधी सांगतो. जास्त सिलिकेचा उत्प्रेरक "टिकला" असं तुम्ही म्हणता. पण तो मंद होता, म्हणजे त्याच्यावर रूपांतरण कमी होतं, म्हणजे उष्णता कमी निघत होती आणि पाणीही कमी बनत होतं. ज्या कारणांनी पहिला उत्प्रेरक मेला, ती कारणंच दुसऱ्याच्या वाट्याला आली नाहीत. त्यामुळे या दोघांची तुलना अजून झालेलीच नाही. स्थिरतेची तुलना नेहमी समान रूपांतरणावर करा. वायूचा प्रवाह कमी-जास्त करून दोन्ही उत्प्रेरक, समजा, ५० टक्क्यांवर आणा आणि मग किमान १०० तास बघा. घसरणीचा वेग दर २४ तासांना किती टक्के, हा आकडा काढा. सुरुवातीचे २४ ते ४८ तास धरू नका, तेव्हा पृष्ठभाग अजून जुळवून घेत असतो आणि छिद्रांत मेण भरत असतं.

आता उत्प्रेरकाच्याही आधी बेडकडे, म्हणजे नळीत भरलेल्या दाण्यांच्या थराकडे, बघू, कारण अनेकदा दोष तिथेच असतो. या अभिक्रियेत दर मोल कार्बन मोनॉक्साइडमागे सुमारे १६५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. वायूची उष्णताधारकता मोलाला साधारण ३० ज्यूल प्रति अंश धरा. दोनास एक मिश्रणात एका मोल कार्बन मोनॉक्साइडबरोबर दोन मोल हायड्रोजन असतो, म्हणजे तापणारा वायू तीन मोल. उष्णता कुठेच गेली नाही तर दर एक टक्का रूपांतरणामागे तापमान सुमारे १८ अंशांनी चढेल. ६० टक्के रूपांतरण म्हणजे हजार अंशांहून अधिक चढ होईल इतकी उष्णता तुम्हाला नळीच्या भिंतीतून बाहेर काढायची आहे. ती समान निघत नाही. वायू बेडमध्ये शिरतो त्या पहिल्या एक-दोन सेंटीमीटरमध्ये अभिक्रिया सर्वांत जोरात असते, आणि हॉट स्पॉट तिथेच तयार होतो. भट्टीच्या भिंतीवरचा थर्मोकपल २८० दाखवत असताना आत ३१० किंवा त्याहून जास्त असणं अजिबात दुर्मीळ नाही. मग तुम्ही २८० ची चाचणी करताय असं समजता, पण उत्प्रेरकाला वेगळीच शिक्षा मिळत असते.

म्हणून बेडच्या मधोमध एक बारीक थर्मोवेल (थर्मोकपल घालायची बंद नळी) घाला आणि थर्मोकपल वरपासून खालपर्यंत सरकवून दर पाच मिलिमीटरला तापमान नोंदवा. पूर्ण बेडमध्ये फरक ३ अंशांपेक्षा जास्त असेल तर उत्प्रेरकाबद्दल कोणताही निष्कर्ष काढू नका. एक ग्रॅम उत्प्रेरकाला आकारमानाने आठ ते दहा पट सिलिकॉन कार्बाइड मिसळा, दोघांचे दाणे सारख्याच मापाचे ठेवा, १०० ते २०० मायक्रॉन. माप वेगळं असलं तर भरताना जड दाणे खाली आणि हलके वर असे थर पडतात आणि हॉट स्पॉट उलट वाढतो. वरच्या एक-तृतीयांश भागात उत्प्रेरकाचं प्रमाण आणखी कमी ठेवलं तर उतार सपाट होतो. दाणा २०० मायक्रॉनहून मोठा नको. मेणाने भरलेल्या छिद्रांत वायू हळू शिरतो, आणि मोठ्या दाण्यात आतला भाग वायूंच्या वेगळ्याच गुणोत्तराखाली काम करतो.

ही काळजी फक्त प्रयोगशाळेची नाही. दक्षिण आफ्रिकेत सासोलबर्गला १९५५ मध्ये सुरू झालेल्या आर्गे रिअ‍ॅक्टरमध्ये सुमारे ५ सेंटीमीटर व्यासाच्या, १२ मीटर लांबीच्या २,०५० नळ्या होत्या आणि भोवती उकळतं पाणी. इतक्या बारीक नळ्यांचा खर्च आणि उत्प्रेरक बदलण्याचा त्रास सोसण्याचं कारण एकच, लोखंडी उत्प्रेरकाला त्याच्याच उष्णतेपासून वाचवणं. १९९३ मध्ये तिथेच ५ मीटर व्यासाचा स्लरी रिअ‍ॅक्टर आला, ज्यात उत्प्रेरक वितळलेल्या मेणात तरंगतो. त्यात तापमान जवळजवळ सगळीकडे सारखं राहतं. उत्प्रेरकाच्या कुटुंबात मोठा फरक न करता, केवळ उष्णता नीट काढल्यामुळे तो सरासरी जास्त तापमानाला चालवता येऊ लागला. तुमच्याकडे ढवळता येणारा स्लरी ऑटोक्लेव्ह असेल तर एक चाचणी त्यात जरूर करा. तिथे २८० ला घसरण नाहीशी झाली तर दोष बेडचा होता.

बेड सपाट करूनही घसरण राहिली, तर मग खरा उत्प्रेरकाचा प्रश्न. आधी सिंटरिंग बघू. धातूच्या पृष्ठभागावरचे अणू हलायला लागतात ते ढोबळमानाने वितळणबिंदूच्या, केल्विनमध्ये, तीन-दशांशाला. याला ह्यूटिग तापमान म्हणतात. पूर्ण स्फटिकातली हालचाल अर्ध्या वितळणबिंदूला सुरू होते, ते टामान तापमान. लोखंड १,८११ केल्विनला वितळतं, म्हणजे ह्यूटिग तापमान येतं सुमारे २७० सेल्सिअस आणि टामान ६३० च्या आसपास. मॅग्नेटाइटचं ह्यूटिग तापमान २८५-२९० च्या घरात. आता तुमचे २५० आणि २८० हे दोन आकडे या रेषेच्या दोन बाजूंना कसे पडतात ते बघा. हा ढोबळ नियम आहे, २७० ला काही दार उघडत नाही. पण २५० ला जवळजवळ स्थिर वाटणारे कण २८० ला सरकू लागतात यात नवल नाही. त्यात पाण्याची वाफ असली की ऑक्साइडच्या पृष्ठभागावरची हालचाल आणखी वाढते. या तापमानाला लोखंड स्वतःहून स्थिर राहणार नाही. त्याचे कण एकमेकांपासून दूर ठेवण्यासाठी मध्ये न हलणारं काहीतरी हवं, आणि ते काम सिलिका करते.

सिलिकेबाबत दोन प्रश्न आहेत: किती, आणि कुठल्या टप्प्यावर. प्रमाणासाठी दोन जुन्या, खूप तपासलेल्या रचना समोर ठेवा. रुरशेमी या जर्मन कंपनीच्या परंपरेतली रचना वजनाने १०० भाग लोखंडाला ५ तांबं, ४.२ पोटॅशियम, २५ सिलिका अशी आहे. दुसरी, अमेरिकेत केंटकी विद्यापीठात बराच अभ्यास झालेली, अणूंच्या हिशेबाने १०० लोखंडाला ४.६ सिलिकॉन आणि १.४ च्या आसपास पोटॅशियम. वजनात मांडली तर ती सुमारे ५ भाग सिलिका आणि १ भाग पोटॅशियम होते. दोन्हींत सिलिकेचं प्रमाण पाचपट वेगळं आहे, पण सिलिका आणि पोटॅशियम यांचं आपसातलं गुणोत्तर पहा: एकात सहास एक, दुसऱ्यात पाचास एक. सिलिका पोटॅशियमला धरून ठेवते. तिच्या पृष्ठभागावर अडकलेलं पोटॅशियम लोखंडाला मिळत नाही, मग कार्बन मोनॉक्साइडचं विघटन मंदावतं आणि कार्बाइड अर्धवट बनतं. तुम्ही सिलिका वाढवली आणि पोटॅशियम होतं तेवढंच ठेवलं असेल, तर तुमचा उत्प्रेरक मंद होण्याचं कारण बहुधा हेच आहे.

टप्प्याचं म्हणाल तर, प्रिसिपिटेशनच्या (द्रावणातून गाळ पाडण्याच्या) वेळीच द्रावणात असलेली सिलिका लोखंडाच्या हायड्रॉक्साइडमध्ये अगदी आत शिरते आणि लोखंड-ऑक्सिजन-सिलिकॉन असे बंध बनतात. ती कण बारीक ठेवते, फेरिहायड्राइटचं (लोखंडाच्या पाणीयुक्त ऑक्साइडचं) हेमॅटाइट होणंही लांबवते, पण जास्त झाली तर लोखंड लोखंडी सिलिकेटच्या रूपात अडकतं आणि त्याचं आपल्या तापमानांना काही केल्या क्षपण होत नाही. धुतलेल्या लगद्यात नंतर मिसळलेली कोलॉइडल सिलिका कणांच्या मध्ये जाऊन बसते, बाइंडरसारखी. ती दाण्याला ताकद देते आणि लोखंडाला रासायनिकदृष्ट्या कमी त्रास देते. २८० अंशांसाठी मी दोन्हींची विभागणी करायला सांगेन: १०० भाग लोखंडाला एकूण १५ भाग सिलिका, त्यातली ५ प्रिसिपिटेशनमध्ये आणि १० नंतर. २५ पर्यंत जायची गरज फिक्स्ड बेडमध्ये दाण्याच्या ताकदीसाठी पडू शकते, ते तुमच्या नळीच्या लांबीवर अवलंबून आहे.

१० ग्रॅम लोखंडाच्या बॅचसाठी हिशेब असा. फेरिक नायट्रेट नॉनाहायड्रेट ७२.३ ग्रॅम आणि कॉपर नायट्रेट ट्रायहायड्रेट १.९ ग्रॅम, सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात. टेट्राइथिल ऑर्थोसिलिकेट १.७३ ग्रॅम थोड्या इथेनॉलमध्ये मिसळून याच द्रावणात घाला. त्यातून अर्धा ग्रॅम सिलिका येते. द्रावण ८० अंशांवर आणा. दुसऱ्या भांड्यात साधारण ३ मोलर अमोनिया, ही थंडच राहू द्या. तिसऱ्या भांड्यात १०० मिलिलिटर गरम पाणी जोरात ढवळत ठेवून दोन्ही द्रावणं एकाच वेळी त्यात सोडा आणि पीएच ७ वर धरून ठेवा, ०.२ पेक्षा जास्त इकडेतिकडे नको. आम्लाच्या द्रावणात अल्कली ओतली तर पीएच सतत बदलत जातो, आणि सुरुवातीला व शेवटी पडलेला गाळ वेगवेगळ्या जातीचा होतो. लोखंड आधी पडतं, तांबं नंतर, म्हणजे ते एकजीव होत नाहीत. पीएच ९ च्या वर गेला तर तांबं अमोनियात विरघळून जातं. गाळणीखालचं पाणी निळसर दिसलं की समजा तांबं गेलं. अमोनियाची वाफ भरपूर येते, सगळं फ्यूम हुडमध्येच करा.

गाळ अर्ध्या तासापेक्षा जास्त गरम ठेवू नका, नाहीतर फेरिहायड्राइटचं गोथाइट आणि हेमॅटाइट व्हायला लागतं. मग गरम पाण्याने धुवा, गाळणीखालच्या पाण्याची वाहकता ५० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटरच्या खाली येईपर्यंत. हे धुणं कंटाळवाणं आहे आणि म्हणून अर्धवट सोडलं जातं, पण त्यात दोन धोके आहेत. अमोनियम नायट्रेट मागे राहिलं तर कॅल्सिनेशनच्या (हवेत भाजण्याच्या) वेळी ते एकदम उष्णता सोडतं, बॅच आतून तापते आणि भट्टी ३५० दाखवत असताना पावडर सिंटर होऊन बसते. नायट्रेट जास्त असेल तर प्रकरण स्फोटापर्यंत जाऊ शकतं. अमोनियाऐवजी सोडियम कार्बोनेट वापरलं असेल तर उरलेलं सोडियम पोटॅशियमसारखंच वागतं, फक्त ते किती आहे ते तुम्हाला माहीत नसतं. मग पोटॅशियमच्या प्रमाणावरचे सगळे प्रयोग वाया.

धुतलेल्या लगद्यात ३० टक्क्यांची कोलॉइडल सिलिका ३.३ ग्रॅम मिसळा. ती अमोनियाने स्थिर केलेली घ्या. बाजारात सहज मिळणारी बऱ्याचदा सोडियमने स्थिर केलेली असते. त्यानंतर पोटॅशियम बायकार्बोनेट ०.६९ ग्रॅम पाण्यात विरघळवून घाला. यातून १०० भागांना २.७ पोटॅशियम येतं. पोटॅशियम नेहमी धुण्याच्या नंतर, आणि त्यानंतर गाळायचं नाही, तसंच वाळवायचं. ११० ते १२० अंशांवर बारा तास, पातळ थरात. मग वाहत्या हवेत मिनिटाला एक अंश या वेगाने ३५० पर्यंत नेऊन पाच तास कॅल्सिनेशन. थर एक सेंटीमीटरपेक्षा जाड नको. शेवटी वजन सुमारे पावणेसतरा ग्रॅम भरायला हवं. बरंच जास्त आलं तर आत पाणी किंवा नायट्रेट आहे, कमी आलं तर गाळताना काहीतरी गेलं.

कॅल्सिनेशनच्या तापमानाबद्दल माझा नियम: चालवताना बेडमध्ये जे सर्वांत जास्त तापमान दिसणार आहे, त्याच्या निदान ५० अंश वर. ३०० अंशांवर कॅल्सिनेट केलेल्या उत्प्रेरकाचं पृष्ठक्षेत्र कागदावर जास्त दिसतं, पण ते २८० ला काही तासांत जाणारं क्षेत्र असतं. ते आधीच गेलेलं बरं, म्हणजे मोजमाप खरं राहतं.

आता दुसरं कारण, पाणी. काम करणारा फेज (घन रूप) म्हणजे लोखंडी कार्बाइड, आपल्या तापमानांना मुख्यतः हेग कार्बाइड, ज्यात पाच लोखंडाला दोन कार्बन असतात. २५० च्या खाली जास्त कार्बनचं एप्सिलॉन कार्बाइड टिकू शकतं, त्याच्या वर ते हेगमध्ये बदलतं, आणि साधारण ३५० च्या पुढे सिमेंटाइटकडे कल वाढतो. कुठला फेज टिकेल हे तापमानाइतकंच भोवतालच्या वायूवर ठरतं. कार्बन मोनॉक्साइड भरपूर असेल तर कार्बाइड, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वाढले तर मॅग्नेटाइट. बेडच्या तोंडाशी एक परिस्थिती आणि शेपटीला दुसरी, त्यामुळे शेपटीचा उत्प्रेरक आधी ऑक्सिडाइझ होतो. तुमचं दोनास एक गुणोत्तर कार्बन साचण्याच्या दृष्टीने सौम्य आहे, पण कार्बन मोनॉक्साइड लवकर संपतो आणि शेवटी पाण्याचं प्रमाण चढतं. मला तुमच्या बाबतीत पहिला संशय इथेच येतो. एका फेरीत ६० टक्क्यांवर न जाता ३५-४० वर थांबा आणि पाणी व मेण गाळून उरलेला वायू परत फिरवा. पुनर्चक्रण शक्य नसेल तर हायड्रोजन-कार्बन मोनॉक्साइड गुणोत्तर १.२ ते १.५ वर आणून बघा. लोखंडावर वॉटर-गॅस शिफ्ट (कार्बन मोनॉक्साइड आणि पाणी यांची अभिक्रिया) जोरात चालते, ती पाण्यातून हायड्रोजन स्वतःच करून घेते. कार्बन डायऑक्साइडपासून इंधन करायचं असेल तर हा प्रश्न कितीतरी पट गंभीर होतो, कारण तिथे पाणी पहिल्याच पायरीला बनतं.

या फेजबदलाला एक यांत्रिक बाजूही आहे. मॅग्नेटाइटमध्ये एका मोल लोखंडाला सुमारे १४.९ घनसेंटीमीटर जागा लागते, हेग कार्बाइडमध्ये ८. म्हणजे सक्रियण (ऑक्साइडचं कार्बाइड करणं) होतानाच घन भाग जवळपास निम्म्यावर आकसतो, आणि पुन्हा ऑक्सिडाइझ झाला की फुगतो. असं दोन-चारदा झालं की सिलिकेचा सांगाडा तडकतो. म्हणून चालू रन मध्येच थांबवावी लागली तर बेड तासन्‌तास ओल्या वायूत सोडू नका. दाब उतरवा, कोरडा नायट्रोजन लावा.

सक्रियण हा टप्पा अनेकजण घाईत उरकतात, आणि उष्णतेतल्या स्थिरतेचं निम्मं भवितव्य तिथे ठरतं. ३५०-४०० अंशांवर हायड्रोजनमध्ये पूर्ण धातू करून मग संश्लेषण वायू (हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडचं मिश्रण) सोडणं, ही या जातीच्या उत्प्रेरकासाठी वाईट पद्धत आहे. धातुरूप लोखंड सर्वांत सहज सिंटर होतं, आणि ऑक्साइडमधून निघणारं पाणी त्याला मदत करतं. आपण तांबं घातलंय तेच मुळी कमी तापमानाला काम व्हावं म्हणून. वातावरणीय दाबाला कार्बन मोनॉक्साइडमध्ये, किंवा त्याच्या ०.७ पट हायड्रोजन मिसळलेल्या वायूत, मिनिटाला एक अंशाने २७० पर्यंत जा आणि बारा ते सोळा तास थांबा. प्रवाह मोठा ठेवा, म्हणजे तयार झालेलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड बेडमध्ये रेंगाळणार नाहीत. शुद्ध कार्बन मोनॉक्साइडमध्ये फार वेळ ठेवलं तर नुसता कार्बन साचतो. मग २२५ पर्यंत खाली या, नायट्रोजनमध्ये दाब २० बारवर न्या, संश्लेषण वायू सुरू करा, आणि दर दोन तासांना ५ अंश या चालीने वर चढा.

इथे एक इशारा. दाबाखालचा कार्बन मोनॉक्साइड २०० अंशांच्या खालच्या लोखंडाला लावू नका. त्यातून आयर्न पेंटाकार्बोनिल बनतं. ते अतिशय विषारी असतं, शिवाय बेडमधलं लोखंड उचलून दुसरीकडे नेऊन टाकतं. स्टीलच्या सिलिंडरमधल्या कार्बन मोनॉक्साइडमध्येही ते असतं, म्हणून वायूच्या मार्गात रिअ‍ॅक्टरआधी अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचा गार्ड बेड हवाच. गंधकासाठी झिंक ऑक्साइडचा गार्डही लावा आणि गंधक ०.१ पीपीएमच्या खाली ठेवा. गंधकाने मरणारा उत्प्रेरक आणि उष्णतेने मरणारा उत्प्रेरक आलेखावर सारखेच दिसतात.

तुमचं ध्येय २८० नसून ३२० ते ३५० असेल, म्हणजे पेट्रोल आणि हलकी ऑलेफिन्स (दुहेरी बंधाची हायड्रोकार्बनं) हवी असतील, तर प्रिसिपिटेटेड सिलिकेचा उत्प्रेरक ताणत बसण्यात अर्थ नाही. त्या तापमानात मेण उरत नाही, कार्बन साचण्याचा वेग फार वाढतो, आणि कामच वेगळ्या जातीचं आहे. दक्षिण आफ्रिकेतल्याच सेकुंडाच्या मोठ्या रिअ‍ॅक्टरांमध्ये यासाठी भट्टीत वितळवून केलेला मॅग्नेटाइट उत्प्रेरक वापरतात, थोड्या पोटॅशियमसह. तिथेही कार्बन साचतो, दाणे फुगतात, हलके होतात, फुटतात. म्हणून चालू रिअ‍ॅक्टरमधून जुना उत्प्रेरक काढत आणि नवा घालत राहतात. प्रयोगशाळेत त्या तापमानासाठी अल्फा अ‍ॅल्युमिना किंवा कार्बन नॅनोफायबर अशा जवळजवळ निष्क्रिय सपोर्टवर बसवलेले लोखंडाचे बारीक कण हा चांगला मार्ग आहे. उट्रेख्ट विद्यापीठातल्या गटाने २०१२ मध्ये ते सोडियम आणि गंधकाच्या अत्यल्प मात्रेसह ३४० अंश आणि २० बारवर दाखवलं. गॅमा अ‍ॅल्युमिना मात्र टाळा. तिचं क्षेत्रफळ मोहात पाडतं, पण ती लोखंडाला घट्ट बांधून ठेवते आणि नीट कार्बाइड होऊ देत नाही. मँगनीज मिसळल्याने ऑलेफिन्सचं प्रमाण सुधारतं, ते उष्णतेवरचं औषध म्हणून मी वापरणार नाही.

आता कारण ओळखायची चाचणी. सपाट बेडमध्ये २५० ला स्थिर रूपांतरण मोजा. मग २८० ला ४८ तास ठेवा आणि पुन्हा २५० ला, त्याच प्रवाहावर, या. जेवढं परत आलं नाही तेवढं खरं नुकसान. आता याच बेडला दाब उतरवून २७० ला सहा तास कार्बन मोनॉक्साइड द्या आणि पुन्हा २५० चं मोजमाप करा. रूपांतरण बरंचसं परतलं तर कार्बाइडचं ऑक्सिडीकरण झालं होतं. रेसिपीला हात न लावता गुणोत्तर आणि एका फेरीतलं रूपांतरण बदला. परतलं नाही तर २८० ला हायड्रोजनमध्ये रात्रभर ठेवा, पुन्हा कार्बन मोनॉक्साइडमध्ये सक्रियण करा, पुन्हा मोजा. यावेळी परतलं तर साचलेला कार्बन किंवा जड मेण होतं, पोटॅशियम २.७ वरून २ वर आणा, आणि बाहेर जाणाऱ्या वायूत मिथेन किती वाढलं होतं तेही तपासा. कशानेच परतलं नाही तर सिंटरिंग. तेव्हाच सिलिका १५ वरून २० वर न्या, पोटॅशियम त्याच प्रमाणात वाढवून. या सगळ्या काळात बेडवरचा दाबफरक लिहून ठेवा. रूपांतरण घसरताना दाबफरकही चढत असेल तर दाणा फुटतोय, आणि वाढीव सिलिका धुतलेल्या लगद्यातच गेली पाहिजे.

शेवटी वापरलेला उत्प्रेरक एक्सआरडीला (क्ष-किरणांनी फेज ओळखायच्या चाचणीला) द्याल तेव्हा तो हवेत तसाच काढू नका, बारीक कार्बाइड हवेत पेट घेतं. बेड नायट्रोजनमध्ये थंड करा, खोलीच्या तापमानाला एक टक्का ऑक्सिजन असलेला नायट्रोजन काही तास हळूहळू सोडा, मग बाहेर काढा. याउलट मेणासकट काढलेला नमुना सुरक्षित राहतो, पण एक्सआरडीआधी नायट्रोजनखाली टोल्युइनने मेण काढावं लागतं. तांब्याच्या क्ष-किरणनळीवर लोखंडाचं फ्लुओरेसन्स पार्श्वभूमी चढवतं, कोबाल्टची नळी मिळाली तर ती घ्या. तांब्याच्या नळीवर मॅग्नेटाइटचं मुख्य शिखर ३५.४ अंशांना येतं आणि कार्बाइडची गर्दी ४० ते ४६ च्या मध्ये. त्या गर्दीतून फेज वेगळे काढणं भरवशाचं नसतं; ते काम मॉसबाउअरचं (लोखंडाचे अणू गॅमा किरणांनी तपासण्याच्या पद्धतीचं), आणि कण बारीक असतील तर तेही द्रव हेलियमच्या आसपासच्या तापमानाला. सोबत सक्रियणानंतर लगेच काढलेला, न चालवलेला नमुनाही द्या, कारण कण वाढले की मुळातच मोठे होते हे त्या जोडीशिवाय सांगता येत नाही.